आकाशातले खड्डे

मला आधी हे सांगा, माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर? मिलमालकावर ठेवला, मिल बंद. पुढाऱ्यावर ठेवला, तो म्हणाला, आता बाजार खुला झालाय! शेवटी म्हटलं, आपल्या नजरेवर ठेवू. तिनं तर असं बुडवलं मला, की विचारू नका!

राजवाड्याजवळ माझं मिलच्या सुट्या भागांचं दुकान. मिलच राहिल्या नाहीत, तर भाग घेणार कोण? बसायचं न् माश्या मारायच्या. अशात एक वकीलसाहेब आले. फ्रीमेसन लोकांचा हॉल असतो ना, ज्याला लोक जादूघर म्हणतात, तिथले. आत दोन खांब, दोन्हींवर एकेक पितळी गोळा.

"काळे पडलेत, चमकवून द्या. काम आवडलं तर आख्ख्या हॉलचं पितळ तुमच्याकडे."

आख्खा हॉल! मी तडक परदेशीपुऱ्यात किशोरकडे. मिल सुटल्यावर त्यानं घरीच लेथ मशीन टाकलं होतं. काम नाही म्हणून आता विकायला काढलेलं.

"थांब भिया, विकू नको!"

गोळे उतरवून आणले. एक जरा उंचसखल. दुसऱ्यावर बारीक बारीक खड्डे, शेकडो!

"सेठ, ये तो पूरा सड़ गया," किशोर म्हणाला.

आता आम्ही दोघं जन्मभर मिलचे रोलर पाहिलेली माणसं. रोलरला एक खड्डा, की सूत तुटलंच! दुसरं काय सुचणार?

"डाख भरून बुजव सगळे. न् तो दुसरा घासून सपाट कर. बोट ठेवलं की घसरलं पाहिजे!"

मी न् किशोर गोळे घेऊन हॉलवर गेलो. वकीलसाहेबांनी पाहिले. बोट ठेवलं, घसरलं. मला वाटलं, खूश झाले.

"शेटजी, तारे कुठायत?"

"कोणते तारे?"

"अहो, एक गोळा पृथ्वीचा, एक आकाशाचा! आमचा बंधुभाव साऱ्या पृथ्वीवर, न् शिकायला वर आख्खं आकाश. म्हणून ते खांबांवर ठेवतात!"

"म्हणजे ते खड्डे..."

"नक्षत्रं होती."

मी हळूच विचारलं, "न् तो उंचवटा?"

"हिमालय."

किशोर मध्येच म्हणतो, "पर साब, फिनिशिंग तो देखो!"

साहेब हसले, दमल्यासारखे. हॉल गेला. दाराच्या कड्या तेवढ्या मिळाल्या. "त्यांच्यावर काही कोरलेलं नाही," म्हणाले, "तरी हात लावण्याआधी विचारा."

कड्यांवर मशीन किती दिवस चालणार? किशोरनं विकलं. गावात म्हणतात, मिल बंद पडल्या म्हणून गेलं बिचाऱ्याचं मशीन. तुम्ही मात्र हिशेब इमानदारीनं मांडा, भिया. मिल दुसऱ्यांनी बंद केल्या. आकाश मी बंद केलं.