मोज्यातलं कुसळ

इंद्रलोक सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात जुनी बॅग उपसताना बोटाला कुसळ टोचलं. मोज्यात रुतून बसलेलं गवताचं बी, टोकदार, लांब शेपटीचं. वीस वर्षांपूर्वीचं सोलापूरकडचं माळरान आठवलं.

ओसाड माळावर पुन्हा तिथलंच गवत पेरायचं म्हणून शहरातून गेलेले आम्ही काही जण बी गोळा करत होतो. मेंढ्या राखणाऱ्या हिरामावशी म्हणाल्या, "पोरा, हात लावल्यावर झडंल तेवढंच घे. ओढून काढलेलं उगवत न्हाय."

"मावशी, आजच परत जायचंय," म्हणत मी हिरवं, कच्चं बी ओरबाडलं. पेरलं, पण एकही उगवलं नाही, असं नंतर कळलं.

आज तळहातावर पाण्याचा थेंब टाकला, तर ते वाळकं कुसळ सावकाश वळू लागलं, माती शोधत. तेवढं एकच पिकलेलं बी आपणहून माझ्याकडे आलं होतं. तेच मी चौथ्या मजल्यावर आणून ठेवलं.