राजाच्या अंगात आलं, अल नहदात

मी कुडाळ सोडलं त्या सकाळी बाबा स्टेशनवर थेट खेळावरून आले. शेजारच्या गावात दशावतार झाला होता आणि राजपार्ट त्यांचाच होता. तोंड घाईघाईत धुतलेलं, कानांमागे लाल रंग तसाच. आईने माझ्या पिशवीत कोकमं कोंबली आणि म्हणाली, "थंय कोणी इचारल्यान तर सांग, मी राजाचां चेडू." राजाची लेक! गाडी हलली तेव्हा बाबांनी नुसता हात वर केला, दरबारात करत तसा. डब्यातले लोक माझ्याकडे वळून बघायला लागले.

मग मी शारजाची झाले. अल नहदातला फ्लॅट, दुबईतलं ऑफिस, मधला तो न हलणारा ट्रॅफिक. इथेच सई झाली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमची रीतच पडली. गावच्या सीमेवर काठी आपटत फिरणाऱ्या देवचाराची गोष्ट काढली की ती म्हणायची, "मम्मा, प्लीज!" तुमच्यापैकी जे माझ्यासारखे घर सोडून आले, त्यांना हे 'प्लीज' चांगलंच ओळखीचं असेल.

आई गेली आणि बाबांनी खेळ सोडला. मी त्यांना व्हिजिट व्हिसावर घेऊन आले. ते खिडकीशी बसून खाली अडकलेल्या गाड्या बघत राहायचे. काहीही विचारा, उत्तर एकच: "बरां आसा." सई "हाय, आजो" म्हणून पुढे निघून जायची. हे असेच परत गेले, तर त्या रिकाम्या घरात बोलणंच विसरतील, या धास्तीने माझा जीव गोळा व्हायचा.

एका शनिवारी दुपारी मी सुरमई साफ करत होते. हॉलमध्ये सई तिचा लाडका कोरियन ड्रामा बघत होती. जुन्या काळातला राजवाडा, तरुण राजा, आणि त्याच्या अंगात शिरणारा मेलेल्या राणीचा आत्मा. अचानक बाबांची आरोळी आली.

"शिरलो! शिरलो गो!"

मी हात न धुताच धावले. बाबा टीव्हीतल्या राजाकडे बोट दाखवत ताठ उभे होते. सईने चित्र थांबवलं होतं.

"आजो, हाऊ डिड यू नो? तो अजून बोललापण नाही!"

चक्क मराठी! मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"मान बग त्येची," बाबा म्हणाले. "आदी मान जाता, मगे आवाज. नट बरो आसा हां!" ना त्यांना कोरियन येत होतं, ना खालची इंग्लिश अक्षरं वाचता येत होती.

"दाखव ना," सई म्हणाली.

बाबांनी तिची निळी ओढणी खांद्यावर टाकली आणि आमच्याकडे पाठ केली. मान हळूच एका बाजूला कलली. वळले तेव्हा माझे वडील तिथे नव्हतेच. छातीच्या खोल तळातून एका बाईचा बारीक, दुखावलेला आवाज आला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. सई किंचाळली आणि मग टाळ्या पिटत सुटली, "वन्स मोअर, आजो! यल्ला, लवकर!"

बेल वाजली. शेजारच्या भाभी, मूळच्या रत्नागिरीच्या, घाबऱ्याघुबऱ्या आत आल्या. "कोण पडलं काय?" त्यांनी विचारलं. बाबांना बघितलं आणि सोफ्यावर बसल्या त्या दुसरा प्रयोग बघूनच उठल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी आजोबा आणि नात टीव्हीपुढे. पडद्यावर एखादी देवऋषीण घुंगरं हलवत नाचायला लागली की बाबा हात जोडायचे. "देव खंयचोय असांदे, हात जोडूचे." एकदा सईची कोरियन मैत्रीण हाना आली. तिने सांगितलं, तिच्या आजीच्या गावात वेशीवर बटबटीत डोळ्यांचे लाकडी खांब उभे असतात, वाईट काही आत येऊ नये म्हणून. मी ते मालवणीत सांगितलं तसे बाबा उसळलेच. "म्हणजे राखणदार! इचार, तेका काय देतत?" हानाने तिथल्या तिथे आजीला फोन लावला. भाताच्या वड्या आणि दारू, असं उत्तर आलं.

"आमच्या वांगडाचोच!" हा तर आपल्यातलाच, म्हणत बाबा मांडीवर थाप मारून हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा निवत ठेवून त्यांनी दशावतार कंपनीच्या मालकाला फोन केला. "जत्रेक मी येतंय. राजपार्ट दुसऱ्या कोणाक दिव नको." आवाज असा की भिंती दणाणल्या. ते जाणार म्हणून मी खट्टू झाले. पण ते पुन्हा राजा म्हणून उभे राहणार होते, तिथे माझं खट्टू होणं किती टिकणार?

पूर्वी घर म्हटलं की मला कुडाळचं अंगणच दिसायचं. हा फ्लॅट म्हणजे राहायची सोय. आता नवा एपिसोड आला की सई फोन करते, "आजो, इलो!" तिकडे बाबांचा टीव्ही, इकडे आमचा, मधे स्पीकरवर फोन. त्यांचं चित्र आमच्याहून जरा पुढे धावतं. राजकन्येमागे कोण उभं आहे ते आम्हाला दिसायच्या आधीच कुडाळहून हाक येते, "पाठी बग गो, पाठी!"

आणि शारजात आम्ही दोघी एकदम पाठी वळून बघतो.