दादाचा किलच

माझा दादा डाव्या पायानं अधू होता. लहानपणी तापात पाय वाळला तो वाळलाच. हे आधीच सांगून टाकते, कारण ट्रॅक्टरचा किलच असतो डाव्या पायाखाली. नातवंडं म्हणतात, आजी, क्लच म्हण. म्हणा तुम्ही! आमच्याकडं तो किलचच होता.

मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राज्याची, शेवटची वर्षं ती. आमचं गाव तेलगावच्या पलीकडं, धारूरच्या डोंगराच्या अंगाला. आमच्या काळ्या रानात कुंदा माजला होता. गवतच ते, पण मेल्याची मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर वरवर खरवडायचा आणि पाऊस पडला की पुन्हा सगळं हिरवंगार. त्या रानात पेरा होईना. शेवटी आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एका जहागीरदाराला आपली खिलारी जोडी दिली आणि बदल्यात त्याच्याकडं पडून असलेला लोखंडी चाकांचा जुना ट्रॅक्टर आणला. परळीहून एक डायवर ठेवला.

दादा त्या ट्रॅक्टरपायी येडा झाला. दिवसभर धुऱ्यावर, रानाच्या बांधावर बसून डायवरचे हातपाय बघायचा. तोवर घरात त्याला कुणी कामच सांगत नसे. हा बसून खाणार आणि धाकट्यांनी याला सांभाळायचं, असं आबांनी ठरवूनच टाकलं होतं. जीव लावायचे, नाही असं नाही, पण पाहुण्याला लावतात तसा. दादाला ते फार लागायचं. एकदा मला म्हणाला, "बाई, ह्या रानात माजा घाम कवाच पडला न्हाई. हे मशीन मला चालवू दिलं तर पडंल."

"आन् पाय?" मी विचारलं.

"बघू की."

आता आबांची गंमत ऐका. त्यांच्या लेखी ट्रॅक्टर म्हणजे मोठी बैलगाडी. गाडीच्या आखाला वंगण लागतं, मग एवढ्या धुडाला नको? रोज सकाळी हात जोडायचे आणि बुदलीतलं एरंडेल दिसेल त्या भोकात ओतायचे. वर त्याच्यावरनं मायेनं हात फिरवायचे!

थोड्याच दिवसांत नांगर जमिनीत घुसला की इंजिन नुसतं बोंबलायला लागलं आणि चाकं जागची हलेनात. डायवर म्हणाला, किलच ढिला झालाय. त्यानं पायडलची दांडी आवळली. आणखी बिघडलं. त्यानं आणखी आवळली. मग हात झटकून म्हणाला, "ह्याचा किलच मेला. मोडीत घाला," आणि गेला परळीला निघून.

मिरगाचा पाऊस तोंडावर आलेला. आबांनी जेवण टाकलं. ट्रॅक्टर मोडीत घालायचा आणि कुणाचे तरी बैल मागायचे, असं बोलू लागले. आणि आमचा दादा? तो पाय ओढत ट्रॅक्टरखाली शिरला. झाकण उघडून आत बोट घातलं आणि नाकाशी नेलं.

"एरंडेल हाय गं."

माझं डोकंच फिरलं. "थांब, आत्ता सांगते आबास्नी! सगळ्या गावाला तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई..."

त्यानं माझा पदर धरला. "गप बस. लई मायेनं घातलंय त्यांनी. आपुन धुवू."

असा माणूस! मी असते तर आबांना आठ दिवस ऐकवलं असतं.

मग मला समजावून सांगू लागला. किलचच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाक ओढतं. मधे तेल गेलं की त्या निसटतात. आणि पायडलची दांडी फार आवळली की त्यांना नीट टेकताच येत नाही. आपल्याकडं ढिलं झालं की आवळायचं, हीच सवय. गाडीला आवळा, मोटेला आवळा. इथं सगळं उलटं. कुणी शिकवलं रे तुला, विचारलं तर म्हणाला, "कोन शिकवतंय? बघितलं."

राकेल तेव्हा कंट्रोलमध्ये, मोजूनमापून मिळायचं. दिव्याचं राकेल त्यानं चकत्या धुवायला नेलं आणि आम्ही अंधारात जेवलो. चकत्या धुतल्या, उन्हात वाळवल्या. मग तो पाना घेऊन खाली आणि मी पायडलवर.

"दाब. आता सोड."

दांडी जरा सैल केली. पायडल बोटभर रिकामं जायला पाहिजे आणि मग जड लागायला पाहिजे, असा त्याचा हिशेब. पहिल्यांदा जास्तच सैल झालं, गिअर टाकला तर कराकरा दात खाल्ले मेल्यानं. पुन्हा खाली. नट अर्धा फेरा इकडं, पाव फेरा तिकडं. घामानं नुसता निथळत होता, पण तोंडावर वैताग नाही. शेवटी पायडल बोटभर मोकळं गेलं आणि गिअर गुपचूप पडला.

पण ते दाबायचं कुणी? दादानं लोहाराकडून एक लोखंडी नळी आणली आणि पायडलला उभी बसवून घेतली. डाव्या हातानं नळी ढकलली की किलच दबायचा. मी बघतच राहिले. अशी अक्कल कुठून येते बाई माणसाला!

सकाळी रानात गेलो. आबा मागं नांगराच्या बैठकीवर जाऊन बसले. तोंड उतरलेलं. दादानं नळी ढकलली, गिअर टाकला, हळूच सोडली. इंजिन दणाणलं आणि चाकं फिरली! काळी ढेकळं उलथी पडायला लागली, कुंद्याची पांढरी मुळं उन्हात आली. मला रडूच फुटलं.

दुसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या दुसऱ्या ओळीला, दादा हरखून बघत राहिला आणि मधे हातभर पट्टा न नांगरता तसाच सुटला. आबा बैठकीवरनं ओरडले, "आरं ये आंधळ्या! डोळे फुटले काय बे? रान सोडून कुटं निगालास?"

मी संतापले. एवढा दादा राबतोय आणि ही भाषा? धावतच पुढं गेले, आबांना काहीतरी बोलणार, तेवढ्यात दादाचं तोंड दिसलं. आबा आम्हा सगळ्यांना शिव्या घालायचे, हाताला येईल ते फेकून मारायचे. दादाला मात्र जन्मात कधी अरे म्हणून आवाज चढवला नव्हता.

दादानं ट्रॅक्टर थांबवला होता. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"चुकलं, आबा," म्हणाला, आणि सुटलेला पट्टा धरायला ट्रॅक्टर वळवला.