व्हेटोकाका

काकांचं प्रत्येक वाक्य 'नाही'ने सुरू व्हायचं. चहा घेणार का विचारलं, तरी "नाही, आणि नकाराची कारणं तीन," म्हणून बोटं मोजायला लागायचे. तिसरं कारण सांगून होईपर्यंत कप रिकामा झालेला असायचा. जर्मनीत हॅनोव्हरमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींनी त्यांचं नाव व्हेटोकाका ठेवलं होतं.

अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. जन्मभर इथल्या कारखान्यात गिअरबॉक्स तपासले. पण अमेरिकेची राज्यघटना तोंडपाठ. "तीही गिअरबॉक्सच," म्हणायचे. "अध्यक्ष कितीही गरगर फिरू दे, काँग्रेसचं चाक अडलं की थांबायलाच हवं!" बातम्यांत अध्यक्षांनी नवं फर्मान काढलं, की काका टीव्हीला जर्मनमधल्या 'नाही'ने दटावत, "नाईन! काँग्रेसला विचारलंस का?" आतून काकू म्हणायच्या, "अहो, हा सोफा आणताना तुम्ही मला विचारलंत का?"

आमचं मंडळ तेव्हा फुटलेलं होतं. मोदक तळायचे की उकडायचे, यावरून. दोन गणपती बसत आणि माणसं ट्राममध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहत. काका दोन्ही घरांत जाऊन बसले, दोन्हीकडचे मोदक खाल्ले आणि सगळ्यांना एकत्र आणून अमेरिकेच्या धर्तीवर नियम लिहिले. समितीने ठराव करायचा, अध्यक्ष तो नाकारू शकतील, पण दोनतृतीयांश हात वर झाले की अध्यक्षांनी ऐकायचं. पहिले अध्यक्ष अर्थात काका.

त्यांनी लगेच गणपतीत स्वतःचं दोन तासांचं व्याख्यान जाहीर केलं: 'अमेरिकन अध्यक्षाचे अधिकार'. समितीने घाबरून ठराव केला, दहा मिनिटं. काकांनी तो नाकारला. मतदान झालं. काकूंसह आम्ही अठरा जण. बारा हात हवे होते, अकरा वर झाले. चहा गाळणाऱ्या काकूंनी गाळणं खाली ठेवलं आणि हात वर केला.

"अगं, तू?"

"मी ऐकलंय ते घरी. दोनदा."

काका टेबलावर थाप मारून ओरडले, "ठराव मंजूर! अध्यक्ष हरले!"

व्याख्यान दहा मिनिटांत आटोपलं. काका पहिल्या कलमापर्यंतही पोचले नाहीत.

गेल्या वर्षी दोघं लेकीकडे बॉनला राहायला गेले. स्टेशनवर काका गाडीच्या उशिराबद्दल कर्मचाऱ्याशी वाद घालत असताना काकू मला म्हणाल्या, "त्या सभेनंतर घरी येताना हे रडले हो. मला वाटलं, माझ्या हातामुळे. तर म्हणाले, 'अगं, मी हरलो, आणि कुणीसुद्धा मंडळ सोडून गेलं नाही.'"