विहिरीवर उरलेले सामान

त्या तपासाला काही वर्षे झाली. मी पोलीस खाते सोडले, तरी त्याचा क्रम मला अजून तोंडपाठ आहे.

राज्यातल्या एका मोठ्या शहरात एकाच सायंकाळी तीन ठिकाणी स्फोट झाले. चौथा बॉम्ब फुटला नाही. त्यातल्या डेटोनेटरवरून कारखान्याचा गट क्रमांक मिळाला, आणि त्या गटातला माल चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे आल्याचे निघाले. मी तेव्हा तिथे सहायक पोलीस निरीक्षक होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली अधिकारी म्हणून स्थानिक तपास माझ्याकडे आला. खरे तर मी तो मागून घेतला. शहरातल्या विशेष पथकात जाण्याचा तो रस्ता होता.

विक्रेत्याची नोंदवही निर्दोष होती. विहिरींना सुरुंग लावणाऱ्यांना दिलेला माल, वापरलेला माल, शिल्लक शून्य. तीन दिवस मी त्या नोंदी पडताळत बसले. चौथ्या दिवशी मूल तालुक्यातच जन्म गेलेले आमचे हवालदार चहा ठेवत म्हणाले, "मॅडम, वही किती वाचसान? शिल्लक शून्य राह्यते काय कधी? कच्चा खडक लागला का बार कमी लागते, चार-सहा उरतेच."

"मग उरलेला माल जातो कुठे?"

"परत न्याचा म्हणजे पुन्हा कागदं, पुन्हा परवानगी. कोन करते? वहीत 'वापरला' लिवतात अन् विहीरवाल्याच्या घरी ठेवून देतात."

"आणि तो ठेवून घेतो?"

"त्याच्याच विहिरीचं सामान हाये नं. दुसऱ्याच्या घरी कसं ठेवन?"

ही पद्धत कोणत्याही कागदावर नव्हती आणि तालुक्यात प्रत्येकाला माहीत होती. त्या गटातला माल गेलेल्या विहिरींची मी यादी केली आणि आम्ही गावोगाव फिरलो. बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले: "आमच्याकडे काई उरलं नाई." सांगताना माणसे माझ्याकडे पाहत नव्हती.

एका धानाच्या गावात मात्र सत्तरीतल्या एका शेतकऱ्याने खाट पुढे ओढली. "बस बाई. पाच उरले होते. धानाच्या कोठीत ठेवले होते. फेकाव कुठी? बोडीत टाकाव तं ढोरं पाणी पेतात."

"आता कुठे आहेत?"

"एक जन आलता, थो घेऊन गेला. म्हणे, काका, तलावात बार लावून मासे मारतो. देऊन देल्लो."

"अनोळखी माणसाला?"

"आल्याबरोबर तब्येत इचारलन. माह्या पोरानं सहा महिने नाई इचारली."

"चेहरा कसा होता?"

"तोंडासारखं तोंड. गोड बोले."

चुलीजवळून त्यांची बायको म्हणाली, "मी कवाची म्हणत होती, विहिरीचं सामान घरात नोको ठेवू. पण या बुढ्याले कोनी काका म्हणलं का आपलं घरबी देऊन देईन."

"त्यानं कबूल केल्यापरमानं मासे तं आणून देल्ले नं!" म्हातारा म्हणाला.

"देल्ले. नुसते काटे होते."

मी हसले. मग त्यांना समजावले, "भाऊ, हे सगळे न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सांगाल? तुम्ही आमचे साक्षीदार असाल. तुम्हाला काही होणार नाही."

"खोटं काऊन बोलू? जे झालं थे सांगतो."

विशेष पथकाचे वरिष्ठ तिसऱ्या दिवशी आले. स्फोटांना पाच महिने झाले होते, अटक एकही नव्हती. माझा अहवाल वाचून ते म्हणाले, "उत्तम काम. यांना ताब्यात घ्या."

"सर, ते साक्षीदार आहेत."

"स्फोटके त्यांनी पुरवली. मोबदला घेतला. तुम्हीच लिहिले आहे."

मीच लिहिले होते. जबाबात एकही तपशील गाळायचा नाही या शिस्तीने मी मासेही लिहिले होते, आणि दोषारोपपत्रात ते 'मोबदला' झाले. मी लेखी हरकत घेऊ शकले असते. त्याच आठवड्यात पथकातल्या नियुक्तीची माझी शिफारस जाणार होती. मी हरकत घेतली नाही.

डेटोनेटर नेणारा माणूस सापडला नाही. विक्रेता, सुरुंगवाले, इतर विहिरींचे मालक यांनी आपापले 'काई उरलं नाई' न्यायालयातही कायम ठेवले, आणि ते मोकळे राहिले. माझी पुराव्याची साखळी कारखान्यापासून कोठीपर्यंत एकेका दुव्याने सिद्ध झाली, आणि तिच्या टोकाला खरे बोललेला एकटाच माणूस अडकला. पुरावा माणसाला कुठवर पोचवतो हे मला कळत होते. तिथून त्याचे काय होते, हे माझ्या प्रशिक्षणात नव्हते आणि मी विचारलेही नाही. त्या शहरात मेलेल्यांच्या घरच्यांना आजवर कोणीही उत्तर दिलेले नाही. त्या पथकात मी वर्षभर होते. मग राजीनामा दिला.

खटल्याच्या दुसऱ्या वर्षी हवालदारांचा फोन आला. न्यायालयीन कोठडीत असताना फुप्फुसाच्या आजाराने म्हातारा गेला होता. मी पोचले तेव्हा शवविच्छेदनगृहाबाहेर त्यांच्या पत्नी एकट्या बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते.

मृतदेह ताब्यात घेतल्याच्या पावतीवर अंगठा हवा होता. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "वाचून सांग बाई. याच्यात तरी बरोबर लिवलं हाये काय?"

नाव, वय, गाव बरोबर होते. नावाआधी 'आरोपी' असे लिहिले होते. तो शब्द सोडून मी बाकीचे सगळे वाचून दाखवले. त्यांनी अंगठा दिला.