भोंगा घरी गप्प

‘‘नमस्कार मंडळी!’’ अशी रोज संध्याकाळी टीव्हीवर आरोळी ठोकणाऱ्या आमच्या निवेदकांना सगळं युनिट पाठीमागे भोंगा म्हणतं आणि तोंडावर दादा. मी त्यांचा साउंडवाला. त्यांचा आवाज खाली ओढता ओढता माझं बोट झिजलंय. पण हा माणूस घरी तोंड उघडत नाही. ‘‘आमच्याकडे आवाज दोघांचेच,’’ वहिनी म्हणतात, ‘‘माझा आणि फ्रिजचा.’’

परवा त्यांची मुलगी चेहरा पाडून स्टुडिओत आली. तिने पसंत केलेल्या मुलाचे आईवडील रविवारी दुसऱ्यांदा घरी येणार होते. पहिल्या भेटीत दादा नुसते मान हलवत बसले होते.

‘‘त्याची आई म्हणते, हे जगाशी बोलतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय? परत असंच झालं तर लग्नाचं विसराच. तू ये ना. ते बोटांचं कर.’’

ते बोटांचं म्हणजे, शो सुरू होताना मी समोरून तीन, दोन, एक अशी बोटं दाखवली की दादांच्या अंगात वीज शिरते.

रविवारी मी पाहुण्यांच्या सोफ्यामागे उभा राहिलो आणि बोटं दाखवली.

‘‘नमस्कार मंडळी!’’

मुलाच्या आईचा कप बशीत नाचला.

‘‘ताई, कुठून आलात? सोबत कोण? जोरदार टाळ्या!’’ टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या, सवयीने. ‘‘कुठेही जाऊ नका, आपण परत भेटूच!’’

‘‘अहो, आत्ताच तर आलोय,’’ बाई म्हणाल्या.

दादांचे कान लाल झाले. ‘‘पाणी आणतो,’’ असं पुटपुटत ते स्वयंपाकघरात गेले ते गेलेच. थोड्या वेळाने मुलाचे वडीलही उठून आत गेले. आल्यापासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

‘‘झालं, यांनाही राग आला,’’ बाई म्हणाल्या. ‘‘चला, निघूच आता.’’ मुलगी रडवेली झाली. दोघांना बोलवायला आम्ही सगळेच आत गेलो.

दोघं सिंकखाली डोकं घालून बसले होते. नळाची जोडणी गळत होती. दादांच्या हातात पान्हा, मुलाच्या वडिलांच्या हातात बॅटरी.

‘‘उलटं,’’ वडील म्हणाले.

‘‘हं,’’ दादा म्हणाले.

तेवढ्यात पाण्याची चिळकांडी थेट दादांच्या नाकात गेली आणि दोघं पोट धरून हसू लागले.

बाई बघतच राहिल्या. ‘‘हे हसतात? घरी तर ‘मीठ दे’ एवढंही बोलत नाहीत. ताटाकडे बोट दाखवतात!’’

‘‘बोट तरी दाखवतात,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आमचे नुसते बघतात.’’

‘‘म्हणजे तुमचेही असेच? आणि मी म्हणत होते, माणूस गर्विष्ठ आहे! बसा हो इकडे, सगळं सांगा मला.’’

चहा परत चढला. दोघी बोलत राहिल्या आणि सिंकखालून अधूनमधून ‘हं’ ऐकू येत राहिलं.

निघताना चपला घालत मुलाचे वडील दादांना म्हणाले, ‘‘बाथरूमचाही बघू. पुढच्या रविवारी.’’

‘‘पुढच्या कशाला?’’ बाई म्हणाल्या. ‘‘लग्नाची तारीख काढायला उद्याच यायचंय. पान्हा घेऊन चला.’’