सरजाबाईची वाकळ काठमांडूला जाते

चुडाव्याच्या सरजाबाईचा जगात कुणावरच भरवसा नव्हता, आणि नेमका त्यामुळेच साऱ्या वस्तीचा भरवसा तिच्यावर होता. कुणाची बोरमाळ, कुणाच्या शेताचे कागद, कुणा सुनेने सासूपासून लपवलेला गूळ, असलं सगळं तिच्याकडे येऊन पडे. ती ते कुठे ठेवी हे कुणाला कळत नसे. मागितलं की आत जाई, दार लावून घेई आणि वस्तू घेऊन बाहेर येई. दार लावल्याशिवाय तिने कधी कुणाचा गूळसुद्धा काढून दिला नाही.

माहेर राणीसावरगावचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. दिवसा दुसऱ्याच्या रानात खुरपणं-वेचणी आणि उरलेल्या वेळात वाकळा शिवणं, एवढ्यावर तिचं चाले. वाकळ मात्र अशी शिवी की टाका शोधायला भिंग लागावं. तिचा एक रिवाज होता. कडेकडेने टाके घालत आत यायचं, आणि शेवटी मधोमध हातभर जागा उरली की तिथे भाकरीचा वाळका तुकडा ठेवून मग ते शिवून टाकायचं. वाकळेचं पोट रिकामं ठेवलं तर पांघरणाराचंही रिकामं राहतं, असं तिची आई सांगे.

तिचा हा संशयी स्वभाव काही जन्मजात नव्हता. निजामाचं राज्य गेलं, त्याचे हाली रुपये बंद व्हायला आले आणि सगळीकडे भारत सरकारचे कलदार रुपये सुरू झाले, तेव्हा पूर्ण्याच्या बाजारात एका दुकानदाराने तिला गाठलं. “बाई, हालीचा भाव आज लय पडलाय, उद्या कुत्रं बी हुंगणार न्हाई,” असं म्हणून त्याने तिची चार वर्षांची पुंजी निम्म्या किमतीत कलदार करून दिली. खरा भाव तिला आठ दिवसांनी कळला. त्या दिवसापासून पैसे बदलून देणारा माणूस आणि रंग बदलणारा सरडा यांत तिला सरडा बरा वाटू लागला. सरडा निदान भाव सांगत नाही!

चौऱ्याहत्तर साली वस्तीतलं बुद्धविहार बांधून झालं. लोकांनी स्वतः दगड वाहिले, स्वतः पत्रे चढवले. पण आत मूर्ती नव्हती. भिंतीवर एक तसबीर होती, तिलाही वाळवी लागली होती. शाळेतल्या पंडित गुरुजींनी कुठेतरी वाचलं होतं की नेपाळात, काठमांडूला लागून असलेल्या पाटण गावात कारागीर पितळी बुद्धमूर्ती फार देखण्या घडवतात. झालं! गुरुजींनी ठरवलं, बुद्धगयेला जायचं, तिथून नेपाळ गाठायचं आणि मूर्ती घेऊनच परतायचं. सोबतीला रेल्वेत गँगमन असलेला सिताराम निघाला. कापूस वेचणीच्या पैशांतून घराघराने वर्गणी काढली. नऊशे रुपये जमले. काहींनी त्यासाठी चहा सोडला, एका म्हातारीने कोंबडी विकली.

रक्कम आपल्या हाती येणार असं धरून गुरुजींनी नवा, आतून खिसा असलेला कोट शिवून घेतला होता. पण बैठकीत बायका म्हणाल्या, पैसे सरजामाय सांभाळील. गुरुजींच्या कोटाची गोष्ट काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

“मी जिम्मा घेते,” सरजाबाई म्हणाली, “पर पैसे कुठं ठिवले हे मूर्ती दिसोस्तर कुणी इचारायचं न्हाई. गुरुजी, तुमी बी न्हाई.”

निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींनी परदेशात कसं वागावं यावर विहारात भाषण दिलं. स्वतः ते आजवर औरंगाबादच्या पुढे गेले नव्हते, पण भाषणाला ते कधी आड आलं नाही. अनोळखी माणसाशी बोलू नये. फुकटचं काही घेऊ नये. पैसे एका जागी ठेवू नयेत, अंगावर विखरून ठेवावेत. हे त्यांनी स्वतः इतकं मनावर घेतलं की आपले पैसे बनियन, मोजे, टोपी आणि नाडीच्या नेफ्यात वाटून टाकले. परिणामी बिहारातल्या पाटण्याच्या फलाटावर दोन कप चहाचे पैसे देताना गुरुजींना बसून एक बूट आणि एक मोजा काढावा लागला, आणि आठवत नव्हतं म्हणून दुसराही. चहावाल्याने हात जोडून पुढचा कप फुकट दिला. फुकटचं घेऊ नये हे गुरुजी त्या घटकेला विसरले.

सरजाबाईच्या अंगावर काहीच नव्हतं. तिच्या काखेत फक्त एक वाकळ होती, इरकली लुगड्यांच्या काठांची, हिरवी-तांबडी. भाकरीच्या तुकड्याच्या जागी, मेणकापडात गुंडाळून, वस्तीचे नऊशे रुपये त्या वाकळेच्या पोटात होते. वाकळेवर ती बसे, वाकळेवर डोकं टेकी, संडासलाही वाकळ घेऊन जाई. बुद्धगयेत हुडहुडी भरली तेव्हा सिताराम म्हणाला, “माय, एक कोपरा तर द्या.” तिने त्याला आपल्या अंगावरची शाल काढून दिली, वाकळ दिली नाही. बोधिवृक्षाखाली गुरुजींनी लोभावर प्रवचन दिलं ते कुणाला उद्देशून होतं हे तिला कळलं होतं. कळूनही तिने वाकळेची घडी आणखी आवळली.

सरहद्द ओलांडून वीरगंजला पोचल्यावर नवाच पेच. तिथे भारताच्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशे एकोणचाळीस मिळत होते. गुरुजींनी टोपीतले बदलले आणि एकदम सधन झाल्यासारखे चालू लागले.

“सरजामाय, वस्तीचे बी बदला. चांगला भाव हाय.”

“न्हाई.”

“अहो, सरकारी भाव हाय ह्यो!”

“हाली बी सरकारीच व्हते,” सरजाबाई म्हणाली. “एका नोटंच्या दीड नोटा देणारा माणूस येडा तरी आसतोय न्हाईतर लुच्चा. ह्यो येडा दिसत न्हाई.”

पुढे हिशेब शिकवायला गुरुजींनी धुळीत काडीने त्रैराशिक मांडलं. सरजाबाईने ते ऐकून घेतलं आणि मग वाकळ काखेत मारून बसमध्ये जाऊन बसली.

बस दिवसभर डोंगर चढत-उतरत राहिली. गुरुजींना घाटात वांत्या झाल्या आणि काठमांडूत उतरेपर्यंत ते तापाने फणफणले. बौद्धनाथच्या पांढऱ्या स्तूपाशेजारी एका धर्मशाळेत जागा मिळाली. पांघरूण म्हणून तिथे एक तरट होतं. गुरुजींचे दात वाजत होते, टोपी कधीच पडली होती, आणि शहाणपण सांगणारा तो माणूस लहान लेकरासारखा “रुख्मिणी, रुख्मिणी” असं बायकोचं नाव घेत होता.

एकीकडे वस्तीचा पैसा, एकीकडे वस्तीचा माणूस. सरजाबाईने बराच वेळ वाकळ उरी धरून ठेवली. मग उठली, गुरुजींच्या अंगावर ती घातली, चहूबाजूंनी खोचली आणि एक कोपरा मुठीत धरून भिंतीला टेकून बसली. माणूस हातचा गेला तर मूर्तीपुढे वंदना कोण म्हणणार?

सकाळी गुरुजींचा ताप उतरला होता. त्यांना गाढ झोप लागलेली पाहून सरजाबाई नळावर तोंड धुवायला गेली. आली तर अंथरुणात ना गुरुजी, ना वाकळ. सिताराम घोरत होता.

तेवढ्यात दारातून गुरुजी आले. चेहऱ्यावर तेज, अंगावर नुसता कोट.

“सरजामाय, जीव प्रसन्न झाला बगा! वाकळ पांघरून स्तूपाला फेरी मारायला गेल्तो. एक म्हातारी थंडीनं कुडकुडत बसली व्हती. म्हणलं, बुद्धाच्या दारात आपल्या हातून पयलं दान घडावं. दिली पांघरून!”

सरजाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“कामून दिली? तुमची व्हती का?”

“लोभ धरू नये, माय. एक वाकळ ती काय!”

“नऊशे रुपयं हायेत तिच्या पोटात!”

गुरुजींचं तेज मावळलं. सिताराम खडबडून उठला आणि “मेलो!” म्हणाला, जणू पैसे त्यानेच दिले होते. विहाराची रिकामी भिंत, कोंबडी विकलेली म्हातारी, बैठकीतल्या बायका, सारं सरजाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तोही स्वतःचाच. एक कोपरा मुठीत धरला होता, तो सोडला कशाला?

“दिलेलं दान परत मागावं कसं?” गुरुजी चाचरत म्हणाले.

“दान आपल्या वस्तूचं करत्येत. दुसऱ्याच्या वस्तूचं केलं की त्येला चोरी म्हणत्येत. चला!”

म्हातारी शोधायला वेळ लागला नाही. सगळ्या काळ्या-करड्या गर्दीत इरकली काठ लांबूनच उठून दिसत होते. भिंतीला पाठ लावून ती बसली होती, तोंडात दोन दात, समोर एक गाठोडं, अंगाभोवती चुडाव्याची वाकळ. सरजाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली आणि तिने वाकळेला हात लावला.

म्हातारीने असा काही कालवा केला की स्तूपावरची कबुतरं उडाली. भोवती माणसं जमली. गुरुजी हात जोडून चारी दिशांना नमस्कार घालू लागले. सितारामने आपल्या मोडक्या हिंदीत “माँजी, गलती से दिया” असं सुरू केलं, तर म्हातारीने गाठोडं पायाखाली ओढलं आणि वाकळ आणखी आवळली. अगदी जशी सरजाबाई आवळत असे तशीच. ते पाहून सरजाबाईचा हात आपोआप मागे आला. हिच्या अंगावरचं कुणी असं ओढलं तर ही का देईल? आपण दिलं असतं का?

“तुमी दोघं गप बसा, अन् जरा लांब व्हा,” ती म्हणाली.

गर्दी पांगेपर्यंत ती नुसती बसून राहिली. मग तिने आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. म्हातारीचा थंडगार हात आपल्या हातात घेतला आणि वाकळेच्या मधोमध नेऊन ठेवला. दाबला. आतलं मेणकापड कुरकुरलं.

म्हातारीची बोटं थांबली. तिने पुन्हा चाचपलं. सरजाबाईकडे पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. आता ही उठून चालू लागली तर तिला अडवणार कोण, आणि कोणत्या तोंडाने? सरजाबाईने डोळे मिटले, मांडी घातली, तळहात मांडीवर ठेवले आणि रस्त्याच्या कडेला बुद्ध होऊन बसली. मग डोळे उघडून स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दूर, डोंगरांपलीकडे, बोट दाखवलं. नाक मात्र बुद्धासारखं शांत राहिना, थंडीने गळत होतं.

म्हातारी खदखदून हसली. दोन्ही दात दिसले. मग तिने आपल्या डोक्यावरचं फडकं सोडलं, दोन्ही हातांनी पसरून सरजाबाईभोवती आडोसा धरला आणि हनुवटीने खूण केली, काढ लवकर.

सरजाबाईने दातांनी टाका तोडला. पुडकं काढलं. म्हातारीने ते तिच्या हातातून घेतलं तेव्हा लांब उभे असलेले गुरुजी दोन पावलं पुढे सरसावले. पण म्हातारीने ते सरजाबाईच्या ओच्यात स्वतःच्या हाताने खोल खोचलं, वरून थापटलं, आणि गुरुजींकडे बोट दाखवून नकाराची मान हलवली. या माणसाला देऊ नकोस, एवढं तर साऱ्या भाषांत कळतं.

सरजाबाईने कमरेची सुई काढून वाकळ होती तशी शिवून दिली. ती उठणार तोच म्हातारीने तिचा दंड धरून खाली बसवलं, आपलं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि काठी टेकत गल्लीत निघून गेली.

गुरुजी धावत आले. “चला माय, पाटणची बस निघंल! मूर्ती बगायचीय, भाव ठरवायचाय.”

“माणूस इस्वासानं ठिवून गेलंय. ते येईस्तर मी उठत न्हाई.”

“अहो, आपण इथं परके. अनोळखी माणसाचं गाठोडं…”

“बसा गपचीप.”

एक बस गेली. दुसरीही गेली. गुरुजी येरझारा घालत होते, सिताराम शेंगा खात होता आणि सरजाबाई दोन्ही हात गाठोड्यावर ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे वटारून बसली होती. एक कुत्रं जवळ आलं, त्यालाही तिने ओळखपाळख नसताना शिव्या दिल्या.

अखेर म्हातारी आली. गाठोडं ओढून घेतलं, गाठ सोडली, आणि सगळ्यांदेखत एकेक जिन्नस काढून तपासू लागली. कथलाची वाटी, मिठाची पुरचुंडी, लोकरीचा गुंडा, अर्धी मेणबत्ती. मधूनच मान वर करून सरजाबाईकडे रोखून बघे आणि पुन्हा मोजू लागे.

गुरुजींना ते फार लागलं. “बगा माय! एवढा वेळ राखलं अन् ही आपल्यावरच संशय घ्यायलीय.”

“मोजू द्या,” सरजाबाई म्हणाली. “आपुन गेल्यावर तिच्या जिवाला घोर न्हाई लागायचा.”

म्हातारीने सगळं पुन्हा आत घातलं, गाठ मारली आणि समाधानाने मान हलवली. मग सरजाबाई उठली आणि तिघं पाटणच्या बसकडे निघाली.